उत्तर मागणारा प्रेक्षक

रहस्यकथा हा एक करार असतो. पहिल्या प्रकरणात लेखक वाचकाकडून कुतूहल उसने घेतो आणि शेवटच्या प्रकरणात ते व्याजासह फेडतो. मध्यंतरी त्याने वाचकाला कितीही आडवाटांना लावले, तरी वाचक तक्रार करीत नाही. कारण खुनी सापडणार, याविषयी तो निःशंक असतो. भुताची कथा असा करार करीत नाही. तिच्यात शेवटी दिवा लागला, तरी कोपऱ्यातला अंधार तसाच राहतो आणि तो राहावा अशीच वाचकाची इच्छा असते. हे दोन कथाप्रकार एकाच घरात नांदायला आणले म्हणजे काय होते, हे पाहायचे असेल तर अमेरिकेतील ‘ट्विन पीक्स’ या दूरचित्रवाणी-मालिकेचा इतिहास चाळावा. त्या मालिकेच्या कलागुणांविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. मला येथे लिहायचे आहे ते तिच्या प्रेक्षकांविषयी; ते काय म्हणाले, काय मागितले आणि मागितलेले मिळाल्यावर कसे वागले याविषयी.

पोलिसी कथेची गोडी अमेरिकन प्रेक्षकाला दूरचित्रवाणीने फार पूर्वीच लावली होती. १९५१ साली पडद्यावर आलेल्या ‘ड्रॅगनेट’मध्ये अर्ध्या तासाच्या आत गुन्हा घडे, तपास होई आणि आरोपीला शिक्षा काय झाली हेही सांगितले जाई. ‘द फ्युजिटिव्ह’ने उत्तर चार वर्षे लांबवले; पण ऑगस्ट १९६७ मध्ये ते दिले तेव्हा सुमारे ७ कोटी ८० लाख माणसे ते पाहायला बसली होती. १९८० साली ‘डॅलस’मधल्या जे. आर. वर गोळी कोणी झाडली, हा प्रश्न मार्चमध्ये टाकून नोव्हेंबरमध्ये सोडवला गेला आणि तो सुटताना पाहणाऱ्यांची संख्या ८ कोटींच्या वर गेली. थोडक्यात, वाट पाहायला प्रेक्षक तयार होता; मात्र वाट पाहिल्याचे फळ पदरात पडते, हा त्याचा अनुभव होता.

या पार्श्वभूमीवर ८ एप्रिल १९९० रोजी रात्री एबीसी वाहिनीवर ‘ट्विन पीक्स’चा दोन तासांचा पहिला भाग दाखवला गेला. कर्ते दोघे: ‘ब्लू व्हेल्व्हेट’सारखे अस्वस्थ करणारे चित्रपट काढणारा डेव्हिड लिंच आणि ‘हिल स्ट्रीट ब्लूज’ या पोलिसी मालिकेच्या लेखनात हात मुरलेला मार्क फ्रॉस्ट. वॉशिंग्टन राज्यातले, कॅनडाच्या सीमेलगतचे एक लाकूडकटाईचे गाव. तेथे लॉरा पामर या शाळकरी मुलीचे प्रेत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले पाण्याकाठी सापडते. तपासाला डेल कूपर हा केंद्रीय पोलीस खात्याचा अधिकारी येतो. येथवर सारे ओळखीचे. परंतु हा कूपर स्वप्नावर विश्वास ठेवतो. संशयितांची नावे घेऊन बाटलीवर खडे मारतो आणि कोणत्या नावाला बाटली फुटते ते पाहतो. स्वप्नात, लाल पडद्यांच्या खोलीत, मेलेली लॉरा त्याच्या कानात खुन्याचे नाव सांगते आणि जागा झाल्यावर ते तो विसरतो!

पहिला भाग ३ कोटी ४६ लाख लोकांनी पाहिला. लोक घरोघरी कॉफी आणि चेरीचा पाय मांडून मालिका पाहायला जमू लागले. काहींनी भाग फितीवर उतरवून घेतले आणि एकेक दृश्य थांबवून पुरावे शोधले. त्यांच्या दृष्टीने ही अखेर पोलिसी कथाच होती. लाल खोली, बुटका नर्तक, ओंडक्याशी बोलणारी बाई ही सगळी कोड्याची सांकेतिक लिपी. दुसऱ्या काहींना कोड्याशी कर्तव्य नव्हते. त्यांना ते गाव, धुके, अँजेलो बादालामेंतीचे संगीत हवे होते. तिसरा वर्ग सर्वांत मोठा. त्याला एकच गोष्ट हवी होती: नाव.

२३ मे १९९० रोजी पहिले पर्व संपले. नाव कळले नाही. उलट कूपरलाच गोळी लागली. आपल्याला फसवले, अशी भावना त्या तिसऱ्या वर्गात पसरली. लिंचचे म्हणणे असे की, हे रहस्य कधी सुटूच नये. ते मागे सरकत राहावे आणि गावातली इतर आयुष्ये पुढे यावीत. पण वाहिनीची सूत्रे रॉबर्ट आयगर यांच्या हाती होती आणि त्यांनी उत्तराचा आग्रह धरला. त्या आग्रहाविषयी त्यांनी स्वतःच २०१९ साली आपल्या आठवणींत शंका व्यक्त केली आहे. परंतु १९९० साली प्रेक्षकसंख्येचे आकडे समोर ठेवून बसलेल्या माणसाने दुसरे काय करायचे होते?

१० नोव्हेंबर १९९० रोजी उत्तर मिळाले. लॉराला मारले ते तिच्या बापाने, लीलंड पामरने. त्याच्या अंगात बॉब नावाचे पिशाच शिरलेले होते. या बॉबची जन्मकथाही मोठी विलक्षण आहे. फ्रँक सिल्व्हा हा मालिकेच्या नेपथ्यावर काम करणारा माणूस. चित्रीकरणात त्याचे प्रतिबिंब चुकून आरशात आले आणि लिंचने ते काढून टाकण्याऐवजी त्यालाच पिशाच केले. १ डिसेंबरच्या भागात लीलंड पकडला जातो आणि कोठडीत मरतो. पोलिसांची फाईल मिटली. त्याबरोबर प्रेक्षकही उठले.

यानंतरची हकीकत थोडक्यात सांगता येईल. मालिका आधीच शनिवारी रात्री, लोक घराबाहेर असतात अशा वेळी, नेऊन टाकलेली होती. जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध सुरू झाले आणि बातम्यांनी तिची जागा खाल्ली. फेब्रुवारीत वाहिनीने ती स्थगित केली. तेव्हा निष्ठावंत प्रेक्षकांनी संघटना करून पत्रांचा भडिमार केला आणि उरलेले भाग मिळवले. १० जून १९९१ ला शेवटचे दोन भाग दाखवून पडदा पडला.

‘उत्तर दिले म्हणून मालिका मेली’ हा तेव्हापासून रूढ झालेला निर्णय. लिंचचेही मत तेच होते. मला मात्र हा निर्णय अपुरा वाटतो. ‘डॅलस’ने उत्तर दिले आणि ती त्यानंतर दहा वर्षांहून अधिक चालली. उत्तर देणे हा अपराध नव्हता. हे उत्तर कोणाला नको होते, हे खरे कारण.

मी ही मालिका पुष्कळ वर्षांनी पाहिली, आणि तीही खुनी कोण हे आधीच ठाऊक असताना. मी कादंबऱ्या लिहितो, त्यामुळे शेवट ठाऊक असलेली कथा पुन्हा वाचण्याची मला सवय आहे. अशा वेळी जुळणी दिसते. रे वाइज या नटाने उभा केलेला लीलंड मुलीच्या मृत्यूनंतर रडतो, मध्येच नाचू लागतो, तिची तसबीर छातीशी धरून गरगर फिरतो. प्रथम पाहणाऱ्याला हे विचित्र, काहीसे हास्यास्पदही वाटावे. ठाऊक असलेल्याला ते बघवत नाही. उत्तर पहिल्या दिवसापासून त्या घराच्या बैठकीत उघड्यावर पडलेले होते. प्रेक्षक ते शोधत होते रानात, कारखान्यात आणि लाल पडद्यांमागे.

आणि येथेच भुताच्या कथेने पोलिसी कथेला दगा दिला. लीलंड मेल्यावर रानात चार माणसे बोलत उभी राहतात. शेरिफ ट्रूमनला पिशाचावर विश्वास ठेवणे कठीण जाते. कूपर त्याला विचारतो, की बापाने पोटच्या मुलीचा घात केला यावर विश्वास ठेवणे सोपे आहे काय? अल्बर्ट हा फटकळ तज्ज्ञ म्हणतो, की बॉब म्हणजे कदाचित माणसाच्याच दुष्टपणाला दिलेले नाव असेल. मालिकेतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तेथे विचारला गेला, आणि बहुतेकांनी त्यातला सोयीचा अर्धा भाग उचलला. पिशाचाने केले म्हटले, की बाप सुटतो. आणि बापाबरोबर, काही न पाहणारे घर आणि काही न विचारणारे गावही सुटते. आपल्याकडेही ‘बाहेरची बाधा’ म्हटले, की घरातल्या माणसाची चौकशी थांबते, हे मास्तरकी करताना मी जवळून पाहिले आहे.

लिंचला बहुधा हे जाणवले असावे. १९९२ साली त्याने ‘फायर वॉक विथ मी’ हा चित्रपट काढला आणि लॉराचे अखेरचे सात दिवस तिच्याच बाजूने दाखवले. आता कोडे नव्हते. एका मुलीचे भय होते. कान येथे त्याचे स्वागत कडवट झाले आणि अमेरिकेत तो पडला. तिला कोणी मारले हे विचारताना जो समाज थकला नव्हता, त्याला तिचे काय झाले हे ऐकायचे नव्हते. पण एक लहानसा वर्ग निराळा निघाला. घरातच असा अत्याचार सोसलेल्या स्त्रियांनी या चित्रपटाबद्दल आपल्याशी कृतज्ञतेने बोलल्याचे लॉराचे काम करणाऱ्या शेरिल ली हिने पुढे सांगितले आहे. टीकाकारांचे मतही नंतरच्या काळात पुष्कळ बदलले.

२०१७ साली लिंच आणि फ्रॉस्ट यांनी अठरा भागांचे तिसरे पर्व केले. त्यात म्हातारा झालेला कूपर, लॉराच दिसणाऱ्या एका स्त्रीला घेऊन पामरांच्या घराच्या दारात येतो. दार परकीच बाई उघडते. मग रस्त्यावर उभ्या त्या स्त्रीची किंकाळी ऐकू येते आणि घरातले दिवे जातात. पंचवीस वर्षे थांबलेल्या प्रेक्षकांपैकी काहींनी याही वेळी तक्रार केली, की उत्तर मिळाले नाही. जानेवारी २०२५ मध्ये लिंच वारला, आणि आता आणखी उत्तर त्याच्याकडून मिळणार नाही.

माझ्या मते ते १९९० सालीच मिळाले होते. पोलिसी कथा ‘कोणी’ एवढेच विचारते आणि नाव मिळाले की घरी जाते. त्या मुलीला जिवंतपणी हवे होते ते, तिला काय होते आहे असे विचारणारे एक माणूस. तीन कोटी प्रेक्षकांनी आणि एका गावाने ते विचारायला फार उशीर केला.