डॉज : नाव अमेरिकेचे, घडण कुर्ल्याची

पनवेलहून बोरघाट चढणारा डॉज ट्रक नावाने अमेरिकन. पण त्यामागे एका सोलापूरकराची जिद्द होती.

१९२८ साली क्रायस्लरने अमेरिकेत डॉज कंपनी विकत घेतली. त्याच वर्षी जनरल मोटर्सने शिवडीत कारखाना काढला, तो केवळ जोडणीचा. सुटे भाग बोटीने येत. वालचंद हिराचंदांना ते भागच इथे घडवायचे होते. १९४० मध्ये त्यांनी क्रायस्लरशी करार केला. युद्धात गुंतलेल्या इंग्रज सरकारने मात्र हात आखडता घेतला. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि पुढे कुर्ल्यातून डॉज, फार्गो ट्रक बाहेर पडू लागले.

१९५३ मध्ये सरकारने नुसत्या जोडणीला मज्जाव केला. पुढच्याच वर्षी शिवडीला टाळे लागले. कुर्ला चालू राहिले. वालचंद १९५३ च्या एप्रिलमध्येच गेले होते. निकाल त्यांच्या बाजूने लागला, तो त्यांच्यामागे.