सरकीचा हिशेब



या स्मरणिकेत आम्ही एका परदेशी शेतकरी घराण्याची हकिकत सांगत आहोत. ती आपल्याला परकी वाटणार नाही.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या स्टॉकब्रिज भागात जेम्स किंग हा काळा शेतकरी गोऱ्या मालकाची जमीन वाट्याने करी. कापूस पिकवायचा किंगने आणि हिशेब मांडायचा मालकाने. एकदा पोरगा मायकेल बापाबरोबर हिशेबाला गेला. मालकाने सरकीचे पैसे धरलेच नाहीत. आम्ही गिरणीवाले, सरकीलाही मोल असते हे आम्हाला ठाऊक. पोराने ते तोंडावर बोलून दाखवले. परिणाम काय? कुटुंबाला बिऱ्हाड हलवावे लागले!

तोच मायकेल पुढे अटलांटा शहरात गेला. वाचता-लिहिता जेमतेम येत होते. वयाने मोठा झालेला हा गडी लाज न बाळगता पाचवीच्या वर्गात बसला. १९३० साली पदवी घेतली, १९३१ साली चर्चचा पाद्री झाला. काळ्या शिक्षकांना गोऱ्यांइतका पगार मिळावा म्हणून लढला.

त्याचा मुलगा म्हणजे १९२९ साली जन्मलेले डॉ. मार्टिन ल्यूथर किंग. बसमधला भेदभाव मोडण्यासाठी १९५५ साली माँटगोमेरीत बहिष्कार सुरू झाला, त्याचे ते पुढारी. १९६३ साली वॉशिंग्टनला त्यांच्यासोबत अडीच लाख लोक जमले. १९६४ साली नागरी हक्कांचा, १९६५ साली मतदान हक्कांचा कायदा झाला.

१९५९ साली ते भारतात आले होते. केरळात एका शाळेत त्यांची ओळख 'अमेरिकेतले अस्पृश्य बंधू' अशी करून दिली. आधी त्यांना ते लागले. मग विचार केला, आणि पटले. ते स्वतः ख्रिस्ती, पण १९६७ साली शांततेच्या नोबेलसाठी त्यांनी व्हिएतनामचे बौद्ध भिक्खू थिक न्हात हान्ह यांचे नाव सुचवले. ४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिसमध्ये त्यांचा खून झाला. तेथे ते सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा द्यायला गेले होते, हे आम्हा कामगारांना विसरता येत नाही.

बांधवांनो, आपल्याही वाडवडिलांनी न वाचता अंगठे दिले. हिशेब विचारला की गाव सुटे. बाबासाहेबांनी आपल्या हातात लेखणी दिली ती यासाठीच. म्हणून घरातले पोर चारचौघांत प्रश्न विचारू लागले, तर "गप बस" म्हणू नका. त्याला विहारात आणा, वाचायला बसवा.

नमो बुद्धाय! जयभीम!