गाणारे सगळ्यांना माहीत असतात. संगीतशाळा चालवतं कोण?

एक छोटा प्रयोग करून बघा. तुमच्या गावातल्या किंवा जवळच्या एखाद्या संगीतशाळेचं नाव आठवा. तिथे शिकवणाऱ्या बुवांचं किंवा बाईंचं नाव लगेच आठवेल. आता सांगा, त्या शाळेची फी कोण गोळा करतं? खोलीचं भाडं कोण भरतं? परीक्षेचे फॉर्म मुदतीत कोण पाठवतं? तबल्याला शाई भरून आणायला कोण जातं? बहुतेकांना ही नावं सांगता येत नाहीत. गंमत म्हणजे संगीताच्या इतिहासाची पुस्तकं चाळली, तर तिथेही हाच प्रकार दिसतो. गायक, गुरू आणि घराणी यांच्यावर पानंच्या पानं असतात. व्यवस्थापकाचा उल्लेख आलाच तर आभाराच्या ओळीत येतो.

आजच्या लेखात मला संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी एक गोष्ट उलगडून दाखवायची आहे. ‘कोणी स्थापन केलं?’ हा प्रश्न बदलून ‘कोणी चालवलं?’ असा केला की तोच इतिहास वेगळा दिसायला लागतो. उदाहरण आपल्या ओळखीचं आहे, विष्णु दिगंबर पलुसकर आणि गांधर्व महाविद्यालय.

आधी ओळखीची गोष्ट

पलुसकरांचा जन्म १८७२ चा, कुरुंदवाडचा. लहानपणी फटाक्यामुळे दृष्टी अधू झाली, म्हणून गाणं शिकायला त्यांना मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे पाठवलं. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली आणि ५ मे १९०१ ला लाहोरमध्ये गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. कुठल्याही दरबाराच्या पगारावर न राहता, लोकांच्या पैशातून चालणारी शाळा. १९०८ मध्ये मुंबईत काम सुरू झालं. पुढे सँडहर्स्ट रोडवर संस्थेची स्वतःची इमारत उभी राहिली. विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर हे सगळे त्यांचे शिष्य.

इथवर सगळ्या पुस्तकांत सारखंच असतं. त्यानंतर एक वाक्य येतं: ‘कर्जामुळे १९२४ मध्ये इमारतीचा लिलाव झाला.’ आणि लेखक पुढच्या प्रकरणाकडे वळतो. संशोधक म्हणून आपण नेमकं इथेच थांबायचं.

लिलाव का झाला?

संस्थेचा खर्च बघा. शिक्षक तयार करण्यासाठी पलुसकरांनी उपदेशक वर्ग काढला होता. त्यातले विद्यार्थी अनेक वर्षांच्या कराराने संस्थेत राहत. त्यांचं शिक्षण, जेवणखाण सगळं संस्थेकडे. शिवाय छापखाना होता, क्रमिक पुस्तकं छापली जात, वाद्यं दुरुस्त करायची सोय होती. त्यात इमारतीचं कर्ज.

आता जमा बघा. फी, देणग्या, पुस्तकविक्री हे होतंच. पण तूट भरून काढणारा मोठा भाग एका माणसाच्या गळ्यावर अवलंबून होता. पलुसकर दौरे काढत, तिकीट लावून जलसे करत आणि ते पैसे संस्थेत घालत. नंतरच्या वर्षांत त्यांचं मन रामनामाकडे आणि रामायणाच्या प्रवचनांकडे वळलं, जलसे मागे पडले. माणूस बदलला की जमेची बाजू बदलली. कर्ज मात्र ठरलेल्या तारखेला दारात उभंच.

मी मूळची विज्ञान शाखेची, त्यामुळे मला हे असं दिसतं: एका यंत्रणेतले सगळे मार्ग एकाच बिंदूतून जात होते. तो बिंदू ढळला आणि यंत्रणा बसली. यात पलुसकरांची थोरवी कमी होत नाही. उलट त्या काळात वीस-बावीस वर्षं एवढा डोलारा त्यांनी कसा पेलला, याचंच नवल वाटतं.

शिष्यांनी काय बदललं?

२१ ऑगस्ट १९३१ ला पलुसकर मिरजेत गेले. त्याच वर्षी शिष्यांनी अहमदाबादला जमून गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. तेच पुढे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. ‘मंडळ’ हा शब्द नीट वाचा. शिष्यांनी गुरूंच्या नावाने पुन्हा एक मोठी इमारत बांधली नाही. त्यांनी अभ्यासक्रम, परीक्षा आणि प्रमाणपत्र या तीन गोष्टी समाईक केल्या आणि शाळा ज्याच्या त्याच्याकडे ठेवल्या. देवधरांची मुंबईतली स्कूल ऑफ इंडियन म्युझिक १९२५ पासून चालू होती. कुमार गंधर्व लहान वयात तिथेच शिकायला आले. विनायकरावांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढलं. १९३९ मध्ये दिल्लीत विनयचंद्र मौद्गल्य यांनी काढलं. एक शाळा अडचणीत आली तर बाकीच्या तिच्यासोबत बुडणार नाहीत, अशी ही रचना झाली.

प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही परीक्षांची उतरंड आज महाराष्ट्रातल्या लहान लहान गावांतही लोकांना तोंडपाठ आहे. वर्षातून दोनदा परीक्षा होतात. ही उतरंड चालते ती परीक्षा केंद्रावरच्या माणसांमुळे. ते विद्यार्थ्यांचे फॉर्म तपासतात, शुल्क गोळा करून वेळेत भरतात, बाहेरून येणाऱ्या परीक्षकाची सोय बघतात. साथीला तबलजी मिळवणं, तानपुरा जुळवून ठेवणं, वरच्या परीक्षांच्या लेखी पेपरांवर लक्ष ठेवणं, हेही त्यांचंच. निकाल आला की पालकांची बोलणीही तेच खातात. पलुसकर एकटे जे पेलत होते, ते शेकडो माणसांत वाटलं गेलं. हे माझं या लेखातलं मुख्य म्हणणं आहे: संगीतशाळा गुरूमुळे सुरू होते, पण टिकते ती गुरू नसतानाही चालेल अशी सोय कोणीतरी केली म्हणून.

हे म्हणणं तपासायचं कसं?

एका उदाहरणावरून सिद्धांत मांडला तर गाइड पहिला प्रश्न विचारणार, तुलना कशाशी केली? सुदैवाने पुण्यात एक चांगली जोडी सापडते. भास्करबुवा बखले यांनी १९११ मध्ये भारत गायन समाज सुरू केला. अब्दुल करीम खाँ यांनी १९१३ मध्ये पुण्यातच आर्य संगीत विद्यालय काढलं. शहर एक, काळ जवळजवळ एक, दोन्ही संस्थापक पहिल्या पंक्तीतले गवई. बखले १९२२ मध्येच वारले, तरी समाज पुढे चालला. मास्टर कृष्णराव यांच्यासारख्या शिष्यांनी आणि कार्यकर्त्यांनी तो चालवला, आणि आजही तो पुण्यात आहे. आर्य संगीत विद्यालयाचा संसार मात्र खाँसाहेबांच्या घराशी बांधलेला होता. घर फुटलं आणि शाळाही टिकली नाही. तिथल्या शिक्षणाचा दर्जा कमी होता असं कोणी म्हणणार नाही. हिराबाई बडोदेकर आणि सुरेशबाबू माने त्याच घरातले.

दोनच उदाहरणं, म्हणजे पुरावा कच्चा आहे, हे मान्य. म्हणून विरुद्ध बाजूची उदाहरणंही घ्यायला हवीत. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या काळात मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये शाळा सुरू केली. तिच्यामागे संस्थानाचा खजिना होता. भातखंडे यांच्या प्रयत्नांतून ग्वाल्हेरला १९१८ मध्ये माधव संगीत महाविद्यालय आणि लखनौला १९२६ मध्ये मॅरिस कॉलेज उभं राहिलं. तिथेही राजाश्रय किंवा सरकारदरबारचा आधार होता. म्हणजे ‘गुरूशिवाय चालण्याची सोय’ दोन तऱ्हेने होऊ शकते, एक तर खजिना नाहीतर मंडळ. तुमच्या संशोधनात तिसरी तऱ्हा सापडली तर ती तुमची भर.

एक तिसरी तऱ्हा मला गोव्यात दिसते. पोर्तुगीज काळापासून तिथल्या चर्चला जोडलेल्या शाळांत मेस्त्रे मुलांना स्वरलेखन, गायन आणि व्हायोलिन शिकवत. हेतू साधा होता, चर्चमधलं गायन अडू नये. पिढ्यानपिढ्या गावातलीच मुलं शिकून गावाच्या प्रार्थनेत गात-वाजवत राहिली. पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वाद्यवृंद सांभाळणारे कितीतरी गोवेकर वादक याच वाटेने आले. इथे शाळा टिकली ती गावाला तिची दर रविवारी गरज होती म्हणून. परीक्षा नाही, संस्थान नाही, पण ठरलेलं काम आहे.

राजोडीत बसून हे का लिहिते आहे?

कारण हा विषय इथे पायाखाली आहे. राजोडीसारख्या वसईच्या किनाऱ्यावरच्या गावात या सगळ्या तऱ्हा हाकेच्या अंतरावर भेटतात. देवळातलं भजनी मंडळ, चर्चचा गायनवृंद, लग्नात वाजणारा ब्रास बँड आणि कोणाच्या तरी पुढच्या खोलीत चालणारा हार्मोनियमचा क्लास. प्रत्येकामागे चालवणारं कोणीतरी आहे. पेटीची भाती फाटली की तिची सोय तेच बघतात. आणि त्यांचा इतिहास कुठल्याही ग्रंथालयात नाही.

मग तो शोधायचा कुठे? काही ठोस जागा सांगते.

पहिली जागा, धर्मादाय आयुक्त कार्यालय. संस्था नोंदणीकृत असेल तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली तिला लेखापरीक्षण केलेले हिशेब द्यावे लागतात. विश्वस्त बदलले की ‘चेंज रिपोर्ट’ दाखल करावा लागतो. कोण कधी आलं, कोण बाहेर पडलं, भांडण कुठे झालं, हे या रिपोर्टांत कोरड्या भाषेत सापडतं. लक्षात ठेवा, पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या संस्थांचा माग काढताना ‘ठाणे’ या नावाखालीही शोधा.

दुसरी जागा, संस्थेचं कपाट. पावतीपुस्तकं, हजेरीपट, परीक्षेच्या निकालांच्या याद्या, वार्षिक समारंभाच्या पत्रिका. पत्रिकेच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेली ‘निमंत्रक’, ‘चिटणीस’, ‘खजिनदार’ ही नावं तुमच्यासाठी मुख्य पाहुण्यांच्या नावापेक्षा मोलाची आहेत. दहा वर्षांच्या पत्रिका एकत्र ठेवल्या की कोणाचं नाव टिकून राहिलं, ते डोळ्यांनी दिसतं.

तिसरी जागा, माणसं. घरगुती क्लासची नोंदणी नसते, हिशेब डोक्यात असतात. तिथे मुलाखत हाच स्रोत. पण ‘तुम्ही संगीतसेवा कशी केलीत?’ असं विचारू नका, उत्तर भाषणासारखं येईल. ‘फी पहिल्यांदा कधी वाढवली? कोणाची माफ केली? परीक्षेच्या दिवशी सकाळी पहिलं काम काय असतं?’ असं विचारा. घरातल्या बाईंना वेगळं विचारा. कागदावर चिटणीस पतीचं नाव असतं, तेव्हा रजिस्टर कोणाच्या अक्षरात आहे, ते बघा. परवानगी घेतल्याशिवाय रेकॉर्डिंग करायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

एक सावधगिरी

आपण ज्या शाळा बघतो त्या टिकलेल्या शाळा असतात. बंद पडलेल्यांची कपाटं रद्दीत गेलेली असतात. फक्त टिकलेल्यांकडे बघून ‘मंडळ असलं की शाळा टिकते’ असं लिहिलं, तर सॅम्पलच चुकलेलं असेल. कदाचित मंडळ असूनही बुडालेल्या शाळा जास्त असतील. म्हणून यादी करताना गावातल्या वयस्क लोकांना मुद्दाम विचारा, ‘पूर्वी इथे गाण्याचा क्लास कुठे चालायचा?’ जी नावं येतील, त्यांना चालू शाळांइतकीच जागा द्या. मंडळ, खजिना, गावाची गरज या तिन्हींपैकी त्यांच्याकडे काय होतं आणि काय नव्हतं, असा साधा तक्ता केला तरी चालेल. वीस शाळांचा असा तक्ता झाला, की तुमच्याकडे एका शोधनिबंधाचा ऐवज आहे.

घाई मात्र करा. पलुसकरांच्या लिलावाची नोंद इतिहासात राहिली, कारण ते पलुसकर होते. आपल्या शेजारच्या चिटणीसबाई गेल्या, की त्यांच्या वह्या दिवाळीच्या साफसफाईत बाहेर जातात. तुमचा सिनॉप्सिस मंजूर व्हायला अजून वर्ष लागेल. वह्यांचे फोटो मात्र या आठवड्यातही काढता येतात. आधी त्यांना विचारा, चहा घ्या, मग कपाट उघडा.