शिरूर-दौंडचे ताट : शब्द आणि पदार्थ

घोड व भीमा या नद्यांच्या काठच्या शिरूर-दौंड भागात बाजरीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा हे अन्न पूर्वापार चालत आलेले मानले जाते. वस्तुतः मिरची मूळची अमेरिकेतील. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती भारतात आणली. तिचे नाव मात्र ‘मरिच’ म्हणजे मिरी या संस्कृत शब्दावरून आले. उलट संक्रांतीस तिळावर साखरेचा पाक चढवून केलेल्या काटेरी दाण्यांस ‘हलवा’ म्हणतात. हा शब्द अरबी असून लेबनॉनमध्ये तो वाटलेल्या तिळाच्या मिठाईस लावतात. तीळ तर भारतात प्राचीन काळापासून पिकतो. एकीकडे पीक परके व नाव देशी, दुसरीकडे नाव परके व पीक देशी. यास्तव केवळ व्युत्पत्तीवरून पदार्थाचे मूळ ठरविणे युक्त नव्हे; शब्दाचा आणि वस्तूचा प्रवास पृथक्पणेच तपासला पाहिजे.