मानसशास्त्राची प्रात्यक्षिके : आकडे खरेच हवेत

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना उतारे उचलण्यापेक्षा मोठा मोह असतो तो आकडे रचण्याचा. प्रयोगासाठी पुरेसे प्रयुक्त मिळाले नाहीत, की उरलेल्या प्रश्नावल्या वसतिगृहाच्या खोलीत बसून भरल्या जातात. नेदरलँड्समधील टिलबर्ग विद्यापीठाचे सामाजिक मानसशास्त्रज्ञ डिडरिक स्टापेल यांची बनावट आकडेवारी २०११ मध्ये उघडकीस आली. त्यांचे पद गेले आणि पुढे ५० हून अधिक शोधनिबंध मागे घ्यावे लागले.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांनुसार पदव्युत्तर प्रबंधात १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास शिक्षा नाही. ते ६० टक्क्यांहून अधिक असल्यास नोंदणी रद्द होते. स्वाध्याय व प्रकल्प अहवाल मात्र या नियमांतून वगळलेले आहेत. तेथे भिस्त मार्गदर्शकाच्या नजरेवरच. शिवाय साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला रचलेले आकडे ओळखता येत नाहीत.

तीसऐवजी १८ प्रयुक्त मिळाल्यास अहवालात १८ च लिहावेत व नमुना लहान असल्याची मर्यादा नोंदवावी. गृहीतक फेटाळले गेले म्हणून प्रात्यक्षिक चुकत नाही. भरलेल्या मूळ प्रश्नावल्या निकाल लागेपर्यंत जपाव्यात. त्यांवर नावाऐवजी सांकेतिक क्रमांक घालावा आणि सह्या असलेली संमतिपत्रे वेगळ्या पाकिटात ठेवावीत.