छत्रीला वाचा फुटली

गच्चीवरच्या गोल अँटेनाला आपण 'डिश' म्हणतो, कुठे कुठे 'छत्री'ही म्हणतात. मला छत्री हाच शब्द आवडतो. आपल्याकडे खेडोपाडी उभ्या राहिलेल्या पहिल्या छत्र्या चक्क कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या होत्या!

१ ऑगस्ट १९७५ रोजी 'साइट' हा प्रयोग सुरू झाला. 'नासा'ने आपला एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी उसना दिला आणि सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचली. (त्या सहांत महाराष्ट्र नव्हता.) छत्री होती तीन मीटर व्यासाची. जाळीतून लहरी निसटून जात नसत का? नाही. त्या लहरींची लांबी होती सुमारे ३५ सेंटिमीटर. एवढ्या लांब लहरीला जाळीची भोकं जाणवतच नाहीत. तिच्या लेखी तो अखंड पत्राच. त्यावर आपटून लहरी समोरच्या एका बिंदूत गोळा होत.

३१ जुलै १९७६ ला मुदत संपली, उपग्रह परत गेला. त्या वर्षभरात खेड्यानं पाहिलं, ऐकलं. उलट विचारायची सोय मात्र त्या छत्रीत नव्हती.

घरोघरच्या उपग्रह इंटरनेटचा इतिहास म्हणजे माझ्या मते ही सोय होण्याचाच इतिहास. १९९६ साली अमेरिकेत 'डायरेकपीसी' आलं तेही अर्धमुकंच होतं. तुमची मागणी टेलिफोनच्या तारेनं जायची आणि उत्तर तेवढं आकाशातून यायचं. २००० च्या अखेरीस 'स्टारबँड' आलं, तेव्हा कुठे घरची छत्री दोन्ही बाजूंनी बोलू लागली.

इतका उशीर का? ऐकणं सोपं, बोलणं अवघड! आता लहर अडीच सेंटिमीटरच्या आसपास आली होती, म्हणून छत्री लहान झाली, पण जाळी जाऊन अखंड पत्रा आला. छत्रीसमोरच्या दांडीवर जी डबी असते, ती आलेला क्षीण संदेश वाढवते आणि त्याची कंपनसंख्या उतरवते, म्हणजे तो साध्या केबलमधून मोडेमपर्यंत जातो. बोलण्यासाठी तिथेच एक-दोन वॅटचा प्रक्षेपक बसवावा लागला. विषुववृत्तावर उपग्रह जेमतेम दोन-दोन अंशांवर उभे असतात. ऐकणारी छत्री किंचित कलली तर फार तर तुमचं चित्र बिघडेल. बोलणारी कलली तर शेजारच्या उपग्रहाच्या संभाषणात तुमचा गोंगाट! त्यामुळे ती बसवायला जाणता माणूस लागे.

आणि अंतर? उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर. प्रश्न वर जाऊन खाली येणार, उत्तरही तसंच. एकूण १ लाख ४४ हजार किलोमीटर! प्रकाशाच्या वेगानंही अर्धा सेकंद जातो. पत्र वाचताना तो जाणवत नाही, बोलताना मात्र दोघंही एकदम सुरू होतात आणि एकदम थांबतात.

यावर तोड म्हणून 'स्टारलिंक'नं २०१९ पासून सुमारे ५५० किलोमीटरवर उपग्रहांचा थवाच सोडायला घेतला. तिथला उपग्रह काही मिनिटांत क्षितिजाआड जातो. मग छत्रीनं सारखी मान वळवायची का? त्यांच्या सपाट पाटीत शेकडो चिमुकले अँटेना असतात. प्रत्येकाची लहर किंचित मागेपुढे सोडली की झोत आपोआप वळतो. पाटी जागची हलत नाही.

पावसापुढे मात्र जुनी छत्री काय आणि नवी पाटी काय, दोघी सारख्याच. मोठी सर आली की थेंब लहरी पिऊन टाकतात आणि संभाषण तुटतं.