सातारा–सांगलीतील ऊर्जास्थित्यंतर

कोळशावाचून वीज निर्माण करण्याची आणि ती शेतकऱ्याला परवडेल अशा दराने पोचवण्याची सातारा व सांगली जिल्ह्यांतील प्रक्रिया. जलविद्युत, पवनऊर्जा, साखर कारखान्यांची सहवीज आणि सौरऊर्जा हे तिचे टप्पे. पाऊस आणि वारा सह्याद्रीच्या माथ्यावर, तर विजेची खरी निकड पूर्वेच्या जत, आटपाडी, कवठेमहांकाळमध्ये, अशी इथली विभागणी आहे. त्यामुळे या भागात विजेचा प्रश्न बव्हंशी पाणी उचलण्याचा प्रश्न ठरतो.

सुरुवात कोयनेची. पाटण तालुक्यात हेळवाकजवळ बांधलेल्या धरणामागे १०५ टीएमसीचा शिवाजीसागर आहे. त्याचे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीपलीकडे पोफळीच्या बाजूला सोडले जाते आणि त्या उतारावर वीज तयार होते. साठच्या दशकाच्या आरंभी निर्मिती सुरू झाली; आज स्थापित क्षमता सुमारे १,९६० मेगावॅट आहे. चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी भरल्या जलाशयाच्या तळाशी स्फोट करून बोगदा जोडण्यात आला. ‘लेक टॅपिंग’चा हा प्रयोग २५ एप्रिल २०१२ रोजी पुन्हा झाला. संध्याकाळी राज्याची मागणी चढली की कोयनेची यंत्रे काही मिनिटांत भार उचलतात. कोळशाच्या संचाला हे जमत नाही. मात्र पश्चिमेकडे वर्षाला किती पाणी वळवायचे यावर कृष्णा पाणीवाटप लवादाने ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. ज्यांची गावे या जलाशयाखाली गेली, त्यांतील कित्येक कुटुंबांचे पुनर्वसन सहा दशकांनंतरही पुरे झालेले नाही. स्वस्त विजेचा हिशेब मांडताना ही रक्कमही धरलीच पाहिजे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पवनचक्क्या आल्या. सरकारी सवलती आणि घसाऱ्यापोटी मिळणारी करसूट यांमुळे वनकुसवडे, चाळकेवाडी, ठोसेघरची पठारे आणि सांगलीतील गुढे-पाचगणी, ढालगावचा परिसर बघता बघता पात्यांनी भरून गेला. इथला वारा पावसाळ्यात सर्वांत जोरकस असतो आणि नेमके तेव्हाच शेतीपंप बहुतेक बंद असतात. पठारावरच्या जिवांवरही परिणाम झाला. चाळकेवाडीला मारिया ठाकर, अमोद झांबरे व हर्षल भोसले यांनी केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या क्षेत्रात शिकारी पक्षी सुमारे चौपट कमी आणि सरडे मात्र जास्त, असे त्यात आढळले. निळा, काळा, नारिंगी पंखा गळ्याशी उलगडून मादीला खुणावणारा तिथला नर सरडाही या भागात फिका पडला होता. प्रदूषणमुक्त म्हणून वारा वाखाणताना त्याच्या जागेची निवड किती जपून करायला हवी, हे या अभ्यासाने दाखवले.

कराड, वाळवा, पलूस पट्ट्यातील साखर कारखाने गाळपाच्या हंगामात बगॅस जाळून वीज काढतात. हंगाम सरला की तीही आटते.

खरा कस लागतो तो उपसा सिंचनात. कराड तालुक्यात कृष्णेवर टेंभू, मिरज तालुक्यात म्हैसाळ, शिवाय ताकारी: या योजना नदीचे पाणी टप्प्याटप्प्याने पंपांनी चढवत दुष्काळी गावांच्या शिवारात नेतात. प्रत्येक टप्प्यावर वीज लागते. थकीत बिलांपायी आवर्तने रखडली, म्हणून राज्य सरकारने ८१ टक्के बिल स्वतः भरून १९ टक्के शेतकऱ्यांवर ठेवण्याचे सूत्र आणले. त्याने दिलासा मिळाला, पण बिल काही लहान झाले नाही.

म्हणून आता भिस्त उन्हावर आहे. म्हैसाळ योजनेसाठी जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेच्या कर्जातून २०० मेगावॅटचा सौर प्रकल्प मंजूर झाला आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत (२०१७; दुसरा टप्पा २०२३) उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीच्या वाहिनीला दिवसा वीज दिली जाते. खासगी जमिनीला वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये भाडे ठरलेले आहे. रात्री उसाला पाणी पाजायला गेलेल्या माणसाला सापाचे आणि कराड-पाटण भागात बिबट्याचे भय असते. दिवसाच्या विजेचे मोल त्याला विचारावे.

घरगुती वापरात पाटण तालुक्यातील मान्याचीवाडीने वाट दाखवली. ऑगस्ट २०२४ मध्ये सुमारे शंभर उंबऱ्यांचे हे गाव राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाले. घरे, शाळा, पथदिवे, पाणीपुरवठा सारे सौरविजेवर आले. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळते. उरलेली रक्कम उभी करणे मजुराच्या घराला अजूनही अवघडच आहे.

ऊन मावळल्यावर काय, याचे उत्तर पाटण तालुक्यातच शोधले जात आहे. तारळी येथे १,५०० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प नियोजित आहे: दिवसा स्वस्त विजेने पाणी वरच्या जलाशयात चढवायचे आणि संध्याकाळी तेच खाली सोडून वीज घ्यायची.